ताणबल म्हणजे काय? सळई, बोल्ट आणि काँक्रीटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडला घराचा स्लॅब टाकायला निघालेला मालक असो, भोसरीत चार लेथ चालवणारा कारखानदार असो किंवा पदविकेच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी असो, साहित्य-चाचणीच्या प्रयोगशाळेत आल्यावर वेगवेगळ्या शब्दांत बहुतेकांचे विचारणे एकच असते, ते म्हणजे हा माल किती ताण घेईल. उत्तर एका आकड्यात मिळावे अशी अपेक्षा असते आणि अहवालात तसा आकडा असतोही. मात्र त्याच्या शेजारचे दोन-तीन आकडे वाचल्याशिवाय तो एकटा फारसा उपयोगाचा नसतो. पुढील उत्तरे प्रामुख्याने पोलाद आणि काँक्रीट यांच्याविषयी आहेत, कारण पुण्यात विचारणा त्यांचीच जास्त होते. इतर पदार्थांचा उल्लेख गरजेपुरता केला आहे.

ताणबल म्हणजे नेमके काय?

पदार्थाचा नमुना दोन्ही टोकांनी धरून ओढत गेले असता तो जास्तीत जास्त जेवढा भार सोसतो, त्या भाराला नमुन्याच्या मूळ छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की ताणबल मिळते. कारखान्यांत आणि अहवालांत यालाच टेन्साइल स्ट्रेंग्थ किंवा यूटीएस म्हणतात. पोलादासारखा तन्य, म्हणजे तुटण्यापूर्वी बराच लांबणारा, पदार्थ ज्या क्षणी तुटतो, त्या क्षणी त्याच्यावरचा भार सर्वाधिक नसतो; भाराचे शिखर त्याआधीच येऊन गेलेले असते. शिवाय ओढताना नमुना बारीक होत जातो, तरी भागाकार सुरुवातीच्याच क्षेत्रफळाने करतात. तुटण्याच्या जागी धातूवर प्रत्यक्षात पडणारे प्रतिबल, म्हणजे दर एकक क्षेत्रफळावरचा भार, त्यामुळे अहवालातल्या आकड्यापेक्षा जास्त असते. आराखडा करणाऱ्याच्या हातात मूळ माप असते, बारीक झालेले नसते, म्हणून हा संकेत सोयीचा ठरला आहे.

भाराला क्षेत्रफळाने भागल्यामुळे सळई जाड असो वा बारीक, एकाच प्रतीच्या पोलादाचे ताणबल साधारण तेच येते. जाड सळई जास्त वजन पेलते ते तिच्यात पोलाद जास्त असते म्हणून.

अहवालात कुठे न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, कुठे मेगापास्कल, तर जुने मिस्त्री ‘किलो’ म्हणतात. यांचा मेळ कसा घालायचा?

न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि मेगापास्कल ही एकाच एककाची दोन नावे आहेत, त्यामुळे तिथे काहीही बदलायचे नसते. ‘बेचाळीस किलोचे पोलाद’ म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर ४२ किलोग्रॅम भार, त्याला ९.८१ ने गुणले की सुमारे ४१२ मेगापास्कल येतात. परदेशी कागदावर पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असेल, तर १४५ ने भागावे.

सळईवर ५००डी असे उठवलेले असते. म्हणजे तिचे ताणबल ५०० आहे का?

नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याचे उत्तर जरा विस्ताराने द्यायला हवे. भारतीय मानक आयएस १७८६ नुसार एफई ५०० मधला ५०० हा आकडा पराभव-प्रतिबलाचा, म्हणजे साइटवर ज्याला यील्ड म्हणतात त्याचा आहे. त्या प्रतिबलापर्यंत सळई ओढून सोडली तर ती जवळजवळ मूळ लांबीवर परत येते. त्यापुढे ओढली तर ती कायमची लांबते. तुटत नाही, पण परतही येत नाही. पोलादात ही सीमा नेहमीच ठळक दिसते असे नाही. म्हणून लांबीत ०.२ टक्के कायमचा फरक पाडणारे प्रतिबल मोजून त्यालाच पराभवाची सीमा मानतात.

ताणबल हा यावरचा आकडा आहे. एफई ५०० साठी ते किमान ५४५ असावे लागते, तसेच प्रत्यक्ष मोजलेल्या पराभव-प्रतिबलापेक्षा किमान ८ टक्के जास्त असावे लागते. एफई ५००डी साठी हेच आकडे ५६५ आणि १० टक्के असे आहेत. ‘डी’ हे अक्षर तन्यतेचे आहे. साध्या ५०० ला तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के लांबणे पुरते, ५००डी ला १६ टक्के लांबावे लागते. दुकानात दोन्ही सळया शेजारी ठेवल्या तर उठावाच्या अक्षरांपलीकडे डोळ्यांना काही फरक दिसत नाही, आणि भावातला फरक पाहून पुष्कळ जण साधी ५०० घेऊन जातात.

इमारतीचा हिशेब यील्डवरच बेतलेला असतो. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या मानकाच्या पद्धतीत ५०० ला १.१५ ने भागून सुमारे ४३५ मेगापास्कल एवढेच प्रतिबल सळईला देऊ करतात. ताणबलापर्यंतची पुढची सगळी वाट भूकंपासारख्या अवचित प्रसंगासाठी राखीव ठेवलेली असते.

चाचणी प्रत्यक्षात कशी होते?

ज्यांना शक्य असेल त्यांनी ही चाचणी एकदा उभे राहून पाहावी, कारण दहा मिनिटांत जे दिसते ते पुस्तकातल्या आलेखावरून कळायला बराच वेळ लागतो. यंत्राला यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) म्हणतात. त्याच्या वरच्या आणि खालच्या जबड्यांत सळईचा तुकडा पकडतात. त्याआधी तुकड्यावर पंचाने ठरावीक अंतरावर खुणा केलेल्या असतात. हे अंतर सळईच्या व्यासाच्या पाचपट ठेवतात. १२ मिलिमीटरच्या सळईला ते ६० मिलिमीटर असते.

तेलाचा दाब वाढू लागला की भार भराभर चढतो आणि बाहेरून सळईला काहीच झालेले दिसत नाही. मग सळईवरची काळपट पापडी बारीक भुग्यासारखी झडू लागते. ही यील्डची चाहूल असते. साध्या, सौम्य पोलादाच्या गोल सळईत याच वेळी भाराची सुई थबकते, किंचित मागे येते आणि मग पुन्हा चढते. टीएमटी सळईत, म्हणजे पाण्याने झटकन थंड करून बाहेरून कडक केलेल्या सळईत, हा थांबा अनेकदा पुसट असतो. त्यानंतर भार सावकाश चढतो, लांबी मात्र नजरेला कळेल इतकी वाढते. शिखराला पोहोचल्यावर सळईच्या एखाद्या जागी मान पडू लागते, म्हणजे तेवढाच भाग आत ओढला जाऊन बारीक होतो, आणि तिथून भार उतरत जातो. शेवटी गोळी सुटल्यासारखा आवाज होऊन तुकडे अलग होतात. तुटलेले टोक लगेच बोटाने चाचपू नये, कारण ते चांगलेच तापलेले असते. सळईला लांबवण्यात खर्च झालेल्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने तिथे उतरलेला असतो.

चांगल्या तन्य पोलादात तुटलेल्या दोन तोंडांपैकी एक वाटीसारखे आणि दुसरे शंकूसारखे दिसते. ज्या नमुन्याला मान पडलेलीच नाही आणि ज्याचे तोंड सपाट, चमकदार, दाणेदार आहे, त्याच्या अहवालातले आकडे फार बारकाईने वाचावेत.

त्या आकड्यांवरून ताणबल कसे काढतात? एखादे उदाहरण द्याल का?

समजा, १२ मिलिमीटरच्या ५००डी सळईचा अर्ध्या मीटरचा तुकडा वजनाला ४३७ ग्रॅम भरला. सळईवर तिरक्या कडा असल्यामुळे व्यास कॅलिपरने मोजून क्षेत्रफळ काढता येत नाही. म्हणून मानकानुसार किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या लांबीने आणि ०.००७८५ ने भागतात. इथे उत्तर १११.३ चौरस मिलिमीटर येते. नाममात्र क्षेत्रफळ ११३.१ असते, तेव्हा ही सळई किंचित हलकी आहे. पण १२ मिलिमीटरसाठी वजनात ५ टक्क्यांपर्यंतची तफावत मान्य असल्याने ती चालते.

यील्डला भार ६०.५ किलोन्यूटन आणि शिखरावर ७०.१ किलोन्यूटन नोंदला गेला असे धरू. ६०,५०० ला १११.३ ने भागले की ५४४ मेगापास्कल, हे पराभव-प्रतिबल. ७०,१०० ला भागले की ६३०, हे ताणबल. दोन्ही तुकडे जुळवून ठेवले आणि ६० मिलिमीटरवरच्या खुणांमधले अंतर आता ७१.४ भरले, तर लांबण १९ टक्के झाले. ताणबल ५६५ च्या वर आहे, दोघांचे गुणोत्तर १.१६ आहे, लांबण १६ च्या वर आहे. सळई उत्तीर्ण.

याच सळईचे क्षेत्रफळ कोणी वजन न करता सरसकट ११३.१ धरले असते, तर ताणबल ६२० आले असते. इथे फरक दहाचाच पडला. परंतु हलक्या वजनाच्या सळया बाजारात आल्या की हाच शॉर्टकट बोलतो: भार कमी भरतो आणि दोष पोलादाला लागतो, वास्तविक पोलाद चांगले असते आणि तेच कमी दिलेले असते.

लांब सळई आखूड सळईपेक्षा लवकर तुटते का?

तिचे स्वतःचे वजन सोडले तर नाही. हा मुद्दा गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडला होता: ओढून तोडायला लागणारा भार छेदावर अवलंबून असतो, लांबीवर नाही. स्वतःचे वजन मात्र लांबीबरोबर वाढते. ४१० मेगापास्कलच्या सौम्य पोलादाची तार नुसती लोंबकळत सोडली, तर सुमारे सव्वापाच किलोमीटरला ती स्वतःच्याच वजनाने तुटेल, मग ती जाड असो की बारीक. सिंहगडाच्या कड्यावरून सोडली तर जमीनच आधी लागेल.

व्यवहारात लांब दोर किंवा लांब साखळी लवकर तुटल्याचा अनुभव येतो, तोही खोटा नाही. जितकी लांबी जास्त, तितकी त्यात कुठेतरी दोष असण्याची शक्यता जास्त.

मग ज्याचे ताणबल जास्त तो माल चांगला, असे समजावे का?

या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे सोपे आहे आणि विक्रेते ते म्हणतातही. प्रत्यक्षात घराच्या सळईच्या बाबतीत नुसते जास्त ताणबल ही शिफारस होऊ शकत नाही. पोलादात कर्ब वाढवला किंवा ते थंड अवस्थेत ओढून काढले की ताणबल आणि यील्ड दोन्ही वाढतात, पण लांबण घटते आणि दोन आकड्यांमधली दरी बुजत जाते. अशी सळई भार वाढत असताना काही सुचवत नाही आणि मग एकदम जाते.

पुणे हे आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार भूकंपाच्या तिसऱ्या विभागात आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण सांगणारी माणसे शहरात अजून आहेत. भूकंपात इमारतीने अजिबात न हलता उभे राहावे अशी अपेक्षा नसते. तुळयांच्या टोकांशी सळया यील्ड होऊन लांबाव्यात, धक्क्याची ऊर्जा त्यात जिरावी आणि माणसांना बाहेर पडता यावे, अशी योजना असते. म्हणून आयएस १३९२० या मानकात तीन अटी एकत्र येतात: लांबण किमान १४.५ टक्के असावे, ताणबल हे यील्डच्या किमान १.१५ पट असावे, आणि प्रत्यक्ष यील्ड ठरलेल्या आकड्याच्या १.२ पटीपेक्षा जास्त नसावे. तिसरी अट ऐकून लोक चकित होतात. सळई मागितली त्यापेक्षा जास्त मजबूत निघाली यात तक्रार कसली? तक्रार अशी की सळई वेळेवर लांबली नाही, तर तुळई वाकण्याऐवजी तिच्यातले काँक्रीट आधी चिरडते किंवा तो भार खांबावर जातो, आणि खांब गेला की मजलाच खाली येतो.

वरच्या उदाहरणातली सळई या अटींत बसते. मात्र गुणोत्तर १.१६ असल्याने काठावरच बसते.

काँक्रीटचे ताणबल किती असते? ते कमी असेल तर स्लॅब उभा कसा राहतो?

एम २५ काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा घन २८ दिवसांनी प्रति चौरस मिलिमीटर २५ न्यूटन दाब सोसतो असे धरतात. त्याच काँक्रीटची वाकताना ताण घेण्याची ताकद आयएस ४५६ च्या सूत्रानुसार अवघी ३.५ येते, आणि सरळ ओढले तर त्याहूनही कमी. ढोबळमानाने दाबाच्या एक दशांश. काँक्रीट सरळ ओढून तपासणे अवघड असल्यामुळे त्याचा दंडगोल आडवा ठेवून वरून दाबतात, तेव्हा तो मधोमध उभा फाटतो. त्यावरून ताणबल काढता येते.

स्लॅबवर भार आला की तो मध्यभागी खाली झुकतो. त्यामुळे वरची बाजू दबते आणि खालची बाजू ताणली जाते. खालच्या बाजूच्या ताणासाठी तिथे सळया असतात. काँक्रीट त्यांना धरून ठेवते आणि गंजापासून वाचवते, पण ताणाच्या हिशेबात त्याची गणतीच केली जात नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती प्रयोगशाळेत कधीच पकडली जात नाही. छज्जा किंवा पुढे आलेली बाल्कनी यांचा प्रकार उलटा असतो. एका बाजूने भिंतीत किंवा तुळईत अडकवलेला स्लॅब मोकळ्या टोकाला झुकतो, म्हणजे त्याची वरची बाजू ताणली जाते, म्हणून मुख्य सळया वर हव्यात. त्या वरच राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली सळईच्याच घोड्या, म्हणजे साइटवर ज्यांना चेअर म्हणतात त्या, बांधतात. काँक्रीट टाकायच्या दिवशी पाट्या घेऊन येणारी माणसे त्याच जाळीवरून चालतात. चेअर कमी असतील तर सळया पायांखाली दबतात आणि सव्वाशे मिलिमीटरच्या छज्ज्यात पन्नास-साठ मिलिमीटर खाली जाऊन बसतात. वरून काँक्रीट लोटले की कोणाला काही दिसत नाही. सळईचे ताणबल ६३० असते, प्रमाणपत्र खरे असते, काँक्रीटचे घनही उत्तीर्ण होतात, आणि सेंटरिंग काढल्यावर छज्जा खाली येतो, किंवा मूळापाशी वरून तडा जाऊन पुढच्या पावसाळ्यांत गंजत बसतो. मालकाने सळईच्या प्रतीवर जेवढा वेळ घालवला, त्यातली दहा मिनिटे काँक्रीटच्या दिवशी छज्ज्यावर उभे राहून घालवली तर जास्त उपयोग होतो, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

पूर्वी सळया नव्हत्या, तरी पुण्यातले जुने दगडी पूल अजून कसे टिकून आहेत?

कारण बांधणाऱ्यांनी दगडावर ताण येऊच दिला नाही. आपला काळा पाषाण दाब प्रचंड घेतो, ताण त्याच्या तुलनेत फारच थोडा. बंडगार्डनचा जुना फिट्झजेरल्ड पूल पाहा: कमानीचा प्रत्येक चिरा दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांत दाबला गेलेला असतो आणि भार दाबाच्याच रूपाने पायापर्यंत उतरतो. दगडी धरणाच्या भिंतीचाही हिशेब असाच असतो. पाण्याचा रेटा आणि भिंतीचे वजन यांची एकत्रित रेषा तळाच्या मधल्या तृतीयांशातून जावी अशी तिची जाडी ठरवतात, म्हणजे पाण्याकडच्या बाजूला ताण उद्भवत नाही.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेले असते. तो ताणबलाचा आकडा आहे का?

हो, आणि सगळ्या खुणांमध्ये ही सर्वांत व्यवस्थित आहे. टिंबाआधीचा आकडा शंभराने गुणला की नाममात्र ताणबल मिळते: ८ म्हणजे ८००. टिंबानंतरचा आकडा यील्ड हे ताणबलाच्या किती दशांश आहे ते सांगतो: ८०० चे ०.८, म्हणजे ६४०. तसेच १०.९ चे १,००० आणि ९००.

भार काढताना बोल्टचा बाहेरचा व्यास धरू नये. एम १२ बोल्टच्या आट्यांपाशी ताण घेणारे क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलिमीटरच असते. ८.८ चा असा बोल्ट सुमारे ६७ किलोन्यूटनला, म्हणजे पावणेसात-सात टनांच्या आसपास तुटतो, आणि साडेपाच टनांनाच कायमचा लांबतो. नाना पेठेत गाडीचा बोल्ट बदलायला गेल्यावर मापाबरोबर डोक्यावरचा आकडाही जुळवून घ्यावा. डोक्यावर काहीच लिहिलेले नसेल तर तो ८.८ आहे या तोंडी हमीला अर्थ नाही.

ईएन-८, ईएन-२४, एफजी-२६० या आकड्यांचेही असेच वाचन करायचे का?

ईएनच्या बाबतीत मुळीच नाही. ते पोलादांच्या जुन्या ब्रिटिश यादीतले अनुक्रमांक आहेत. ईएन-२४ हे ईएन-८ च्या तिप्पट मजबूत नसते. ईएन-२४ चे ताणबल तर उष्णोपचारावर ठरते, आणि त्यापुढे ‘टी’ लिहिले असेल तर ते ८५० ते १,००० मेगापास्कलच्या दरम्यान अपेक्षित असते. करड्या बिडाच्या एफजी-२६० मधला २६० मात्र थेट ताणबल आहे. बिडाला यील्ड जवळजवळ नसतेच, ते सरळ तुटते. म्हणून तिथे ताणबलच लिहितात. दाबात हेच बीड ताणाच्या तीन-चार पट सोसते आणि म्हणून लेथचा बेड त्याचा करतात. पत्रे आणि अँगलच्या आयएस २०६२ मध्ये ई २५० मधला २५० हा यील्ड आहे, त्याचे किमान ताणबल ४१० आहे. एकच सूत्र सगळीकडे लावता येत नाही, हे गैरसोयीचे आहे खरे.

नमुना तोडायचा नसेल तर कठिणपणावरून ताणबल सांगता येते का?

पोलादाच्या बाबतीत अंदाज येतो. ब्रिनेल कठिणपणाच्या (कठीण गोळी दाबून पडलेल्या खळग्यावरून काढलेल्या) आकड्याला साधारण ३.४५ ने गुणावे. २०० ब्रिनेलचा जॉब असेल तर ताणबल ६९० च्या आसपास निघते. बीड, अॅल्युमिनिअम किंवा केवळ पृष्ठभागावर कठीण केलेल्या भागांना हे लागू नाही. लांबण तर कठिणपणावरून कळतच नाही.

जास्त ताणबलाचे पोलाद वापरले तर तुळई कमी झुकेल का?

नाही. झुकणे हे स्थितिस्थापकता गुणांकावर, म्हणजे पदार्थ किती ताठ आहे ते सांगणाऱ्या आकड्यावर, ठरते आणि तो सर्व पोलादांचा जवळपास सारखाच, सुमारे २,००,००० मेगापास्कल असतो. एफई ४१५ ऐवजी ५५० ची तेवढीच सळई घातली तर तुळई जास्त भाराला तुटेल, पण रोजच्या भाराखाली तेवढीच झुकेल. उलट जास्त प्रतीमुळे सळया कमी केल्या तर ती जास्तच झुकेल. अॅल्युमिनिअमचा हा गुणांक पोलादाच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे, म्हणून ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूचे ताणबल ३१० मेगापास्कलच्या घरात, म्हणजे सौम्य पोलादापासून फार दूर नसतानाही त्याची शिडी पायाखाली लवते.

भार ताणबलाच्या निम्माही नव्हता, तरी शाफ्ट तुटला. चाचणीचा अहवाल खोटा होता का?

बहुधा अहवाल खरा असतो आणि प्रश्न वेगळा असतो. एकदाच ओढण्याची ताकद आणि लाखो वेळा उलटसुलट वाकण्याची ताकद या दोन निराळ्या बाबी आहेत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत आउगुस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या करून हे दाखवून दिले. घासून गुळगुळीत केलेला पोलादाचा नमुना असेल तर ताणबलाच्या साधारण निम्म्यापर्यंतचे आलटून-पालटून येणारे प्रतिबल तो दीर्घकाळ सोसतो. प्रत्यक्ष शाफ्टला खाच असते, चावीचा गाळा असतो, टूलच्या रेघा असतात, आणि ही मर्यादा झपाट्याने खाली येते. पुण्यात वाहन-उद्योग एवढा असल्यामुळे तुटून येणाऱ्या भागांत हाच प्रकार वारंवार दिसतो. तुटलेले तोंड पाहिले की बरेच काही कळते: एका कडेपासून शिंपल्यावरच्या रेषांसारखी वर्तुळे पसरत गेलेली असतील आणि उरलेला थोडा भाग खडबडीत असेल, तर तडा पुष्कळ दिवस चालत होता.

उपाय म्हणून लोक आणखी वरच्या प्रतीचे पोलाद घेतात. अनेकदा शाफ्टची जाडी जिथे बदलते त्या पायरीच्या कोपऱ्याला मोठी गोलाई देण्याने त्याहून जास्त काम होते, आणि तेही बरेच स्वस्तात.

काच इतकी नाजूक, मग काचेचे तंतू मजबूत कसे?

काचेतल्या कणांचे परस्परांना धरून ठेवण्याचे बळ मुळात जबरदस्त आहे, परंतु साध्या काचेच्या पृष्ठभागावर न दिसणारे असंख्य ओरखडे असतात आणि ताण त्यांच्या टोकांशी एकवटतो. ब्रिटिश अभियंता ग्रिफिथ याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जाड काच सुमारे १७० मेगापास्कलला तुटली, तर काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा, ताजा ओढलेला तंतू ३,००० च्या वर गेला. बारीक तंतूत मोठा ओरखडा मावायला जागाच नसते. दुकानांच्या दारांची टफन काच वेगळी युक्ती वापरते: सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने पृष्ठभाग एकदम थंड केला की तो कायमचा दाबाखाली राहतो, आणि ताणाला आधी तो दाब संपवावा लागतो.

दोर आणि प्लास्टिक यांचे काय?

दोराला सहसा ताणबल न लिहिता थेट तुटण्याचा भार लिहितात, आणि उचलण्याच्या तारदोराला त्याच्या साधारण एक पंचमांश एवढाच भार लावतात. गाठ मारली की दोराची ताकद लक्षणीय घटते. प्लास्टिकमध्ये आकड्याबरोबर तापमान आणि ओढण्याचा वेग पाहणे आवश्यक असते. नायलॉनचा कोरडा आणि दमट नमुना वेगवेगळी उत्तरे देतात. पिशवीच्या फिल्मचे लांबीतले आणि रुंदीतले ताणबलही सारखे नसते. लाकडाचेही तसेच, रेषांच्या दिशेने साग भक्कम असतो, आडवा ओढला तर सहज फाटतो.

सळईचे नमुने कसे आणायचे आणि प्रमाणपत्रात काय पाहायचे?

गाडी उतरली की प्रत्येक व्यासाचे नमुने वेगवेगळ्या बंडलांतून काढावेत; वरच्या बंडलातल्या एकाच सळईचे तुकडे करून आणल्यास चाचणी त्या एका सळईचीच होते. तुकडे साधारण ६०० मिलिमीटरचे आणि सरळ असावेत. वाकवून पुन्हा सरळ केलेली सळई देऊ नये, आणि गॅसने कापू नये. टीएमटी सळईची बाहेरची कडक कडी पाण्याने झटकन थंड करून तयार केलेली असते. पुन्हा तापवल्यास कापलेल्या टोकापाशी ती मऊ होते.

कारखान्याच्या प्रमाणपत्रावरचा हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) बंडलाच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळतो का, हे आधी पाहावे. तो जुळत नसेल तर पुढचे आकडे कितीही चांगले असले तरी ते दुसऱ्याच मालाचे आहेत. त्यानंतर प्रति मीटर वजन, यील्ड, ताणबल, दोघांचे गुणोत्तर आणि लांबण या क्रमाने वाचावे. पट्टी सहसा सळया उतरवतानाच तुटून रेतीत पडते, तेव्हा तिचा फोटो गाडीतच काढून ठेवावा.